थंडी बाधते म्हणजे नेमकं काय बाधतं?

जानेवारीतली सकाळ, साडेसहाला पाच कमी. सोसायटीच्या फाटकाशी सात-आठ मुलं स्कूलबसची वाट बघत उभी. कानटोपी, स्वेटर, वरून जर्किन, पाठीवर दप्तर. उघडा काय तो चेहरा. उजाडायला अजून अवकाश असतो. वॉचमनकाकांनी पुठ्ठे, पालापाचोळा आणि हाताला लागेल ते गोळा करून शेकोटी पेटवलेली असते, तिच्याभोवती मुलांचं कोंडाळं. दुसरीतली माझी लेक तोंडातून वाफ सोडून मैत्रिणींना दाखवत असते. तिला थंडीचं काही वाटत नाही, कुडकुडते ती मी. मग बस येते. सगळ्या काचा घट्ट लावलेल्या आणि मागच्या बाकावरून कुणाचा तरी खोकल्याचा ठसका.

रात्री नागपूरहून आईचा फोन असतोच. "पोरीला थंडी बाधेल बाई, कान बांधून पाठवत जा."

कान मी बांधतेच. पण गेल्या दोन हिवाळ्यांत लेकीच्या आजारपणांचा हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की आपण सगळं खापर थंडीवर फोडतो आणि तिच्या आडून भलतंच काही मुलांना बाधत असतं. बंद काचा, अपुरी झोप, धूर, आणि आपण स्वतःच्या हाताने पाजलेली औषधं.

आधी थंडीबद्दल, कारण डिसेंबर उजाडला की 'थंडीची लाट' हे शब्द बातम्यांत रोज दिसतात. हवामान खात्याच्या भाषेत त्याला नेमका अर्थ आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेलं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असलं, तर ती थंडीची लाट. किनाऱ्यावर हीच मर्यादा 15 अंशांची. म्हणून मुंबईत 15 अंशांना स्वेटर निघतात त्याची निफाडकरांनी फार थट्टा करू नये. मुंबईच्या मानाने ती थंडीच. लाट जाहीर झालीच तर पहाटेचं मैदान आणि गारठ्यातली कवायत तेवढी टाळायची.

देशावरच्या थंडीची खरी गंमत वेगळी आहे. पुण्या-नाशकाकडे सकाळी 10 अंश असतात आणि दुपारी पारा 28-30 ला टेकतो. म्हणजे साडेसहाला जे मूल गारठलेलं असतं, तेच साडेबाराला मैदानात घामाघूम होतं. एकच जाडजूड स्वेटर घातला तर ते एकतर आत उकडत राहतं, नाहीतर स्वेटर काढून शर्टावर हिंडतं. त्यापेक्षा आत सुती बनियन, वर युनिफॉर्म, त्यावर मध्यम स्वेटर आणि शेवटी पातळसं जर्किन. जसजसं ऊन चढेल तसतसं एकेक सोलायचं. घामाने ओला झालेला बनियन मात्र घरी आल्याबरोबर बदलायचा. कानटोपी हरवणार हे धरूनच चालावं. यंदाची आमची तिसरी आहे.

शिंक येते कुठून

सर्दी थंडीने होत नाही, विषाणूने होते. सर्दी घडवून आणणारे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत. त्यातला एखादा अंगात शिरल्याशिवाय नुसत्या गार वाऱ्याने कुणाला सर्दी होत नाही. मग ती हिवाळ्यातच का वाढते? एक कारण आपल्या नाकातच आहे. नाकाच्या आतल्या पातळ अस्तरावर चिकट ओलावा असतो आणि केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. आत आलेली धूळ, जंतू त्या ओलाव्यात अडकतात आणि तंतू त्यांना मागे ढकलून देतात. हवा गार आणि कोरडी झाली की अस्तर सुकतं, तंतूंचा वेग मंदावतो. पहारेकरी पेंगतो म्हणा ना. तेव्हा आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. थंडी चोर आणत नाही, पण दाराची कडी सैल करते.

चोर येतो तो शेजारच्या बाकावरून. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, गारठा लागतो म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या, आणि त्यात दोघं-तिघं खोकणारी. खोकल्यातून उडालेले मोठे थेंब खाली पडतात, पण अगदी सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि सगळ्यांच्या श्वासातून फिरतात. खोली कोंदट वाटते, पाचव्या तासाला मुलं जांभया देतात, त्यामागेही हीच वापरलेली हवा असते. उपाय फुकटचा आहे: समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवायच्या आणि मधल्या सुट्टीत सगळ्या सताड. आमच्या पालकसभेत मी हे सुचवलं तेव्हा दोन पालकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुलांना हिमालयात पाठवा म्हटलं असावं. बसच्या काचांबद्दलही तेच. पुढची एक आणि मागची एक, तेवढ्या फटीने कुणी गारठत नाही.

आणखी एक गोष्ट पहिली-दुसरीच्या पालकांना कुणीतरी आधीच सांगायला हवी. या वयातल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे साधारणच आहे. ती बहुतेक हिवाळ्यात आणि पावसाळ्यात होते, त्यामुळे मूल 'सारखंच आजारी' आहे असं वाटतं. नाकातून येणारं पिवळं-हिरवं झालं म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हाही गैरसमज. शरीराच्या लढणाऱ्या पेशींमुळे तो रंग येतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. सर्दी सात-दहा दिवसांत ओसरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्या काळात आपण तीन डॉक्टर बदलतो आणि तिसऱ्याच्या औषधाने गुण आला म्हणतो.

झोपेचं गणित

हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडी लांबण लागेल.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते. आमची बस 6:35 ला. म्हणजे उठायचं पावणेसहाला. नऊ तास हवे असतील तर रात्री पावणेनऊला डोळा लागलेला पाहिजे, दहा तास हवे असतील तर पावणेआठला. पावणेआठला! त्या वेळी अर्ध्या घरांत आईबाबा नुकते ऑफिसातून आलेले असतात, भात शिजायचा असतो, गृहपाठाची वही दप्तरातच असते. आमच्याकडे लेक झोपते साडेनऊला, तेही नशीब असेल तर. रोजचा पाऊण तास बुडाला तर शनिवारपर्यंत साडेचार तासांची उधारी. अपुऱ्या झोपेचं मूल चिडचिडं होतं, धड्यात मन लागत नाही, आणि अंगाची प्रतिकारशक्तीही खालावते. पहारेकरी इथेही पेंगतो.

राज्य सरकारलाही हे पटलेलं आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. 8 फेब्रुवारी 2024 ला शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत. हिवाळ्यात-पावसाळ्यात पहाटे उठून शाळेत जाताना मुलं आजारी पडतात, हे कारणही त्यात आलं आहे. ज्या शाळांना वेळ बदलणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट ठेवली होती. त्या वाटेने बऱ्याच शाळा गेल्या. कारणंही खोटी नाहीत: एकाच इमारतीत दोन सत्रं, बसच्या फेऱ्या, शहरातली नऊची वाहतूक कोंडी, पालकांची ऑफिसं. पण या सगळ्या अडचणी मोठ्यांच्या आहेत आणि त्यांची किंमत सात वर्षांचं मूल झोपेतून चुकवतं, एवढं तरी आपण मान्य करावं.

आता एक मजेची गोष्ट. 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' असं आपण म्हणतो, म्हणून वाटतं की जानेवारीत सकाळ लवकर होऊ लागत असेल. होत नाही. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा. पुण्यात त्या दिवशी सूर्य साधारण 7:02 ला उगवतो आणि 15 जानेवारीला उगवतो 7:09 ला. म्हणजे सकाळ आणखी उशिराच होते. दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूला. आईच्या नागपुरात सूर्य पुण्याच्या पाव तास आधी वर येतो, कारण नागपूर पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. तेव्हा 'आमच्या वेळी आम्ही नाही का सकाळच्या शाळेला जात होतो' असं ती म्हणते, त्यातली पंधरा मिनिटं मी भूगोलाच्या नावे वळती करते.

सूर्याचा संबंध झोपेशी असा की अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं झोप आणणारं संप्रेरक वाढतं आणि सकाळच्या उजेडाने ते ओसरतं. पहाटे अंधारात उठवलेल्या मुलाच्या अंगात ते अजून भरलेलं असतं. मूल नाटक करत नसतं, त्याची रात्र खरोखरच संपलेली नसते. उलट रात्री डोळ्यांपुढे मोबाइलचा प्रकाश असला की तेच संप्रेरक उशिरा वाढतं. शाळेची वेळ हातात नसेल तर रात्रीची ही बाजू तरी आहे. आमच्याकडे दोनच गोष्टींनी फरक पडला. दप्तर, युनिफॉर्म, मोजे रात्रीच काढून ठेवणं, म्हणजे सकाळची दहा मिनिटं वाचतात. आणि आठनंतर घरातले मोठे दिवे बंद. पहिले चार दिवस सासूबाई म्हणाल्या, "लोडशेडिंग आहे का गं?" पाचव्या दिवशी नात नऊला झोपली.

शेकोटी आणि झरोका

हिवाळ्यातल्या पहाटे जमीन लवकर गार होते आणि तिला लागलेला हवेचा थरही गार आणि जड होतो. त्याच्यावर थोडी गरम हवा झाकणासारखी बसते. एरवी वर जाऊन पांगणारा धूर या झाकणाखाली अडकतो. वाहनांचा, बांधकामाच्या धुळीचा, कचरा जाळल्याचा, शेकोटीचा. म्हणून मुलं बसथांब्यावर उभी असतात ती वेळ बऱ्याचदा सबंध दिवसातल्या वाईट हवेची असते. दुपारी ऊन पडलं की झाकण उघडतं. पीएम 2.5 म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण. आपल्याकडे दिवसाची सरासरी मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे, त्यांचा पंप हिवाळ्याआधी संपला आहे की शिल्लक आहे ते बघून ठेवणं कुठल्याही काढ्यापेक्षा कामाचं. आणि शेकोटीत प्लास्टिक पडू नये, एवढं वॉचमनकाकांना प्रेमाने सांगावं. त्यांचीही रात्र गारठ्यात गेलेली असते. त्यांना जुनं ब्लँकेट देऊन सांगितलं तर जास्त पटतं.

याहून गंभीर गोष्ट घराच्या आत आहे. आपल्याकडे न्हाणीघरात गॅसचा गीझर सर्रास असतो. जागा चार बाय सहाची, आणि थंडी येते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि मदतीला हाक मारायच्या आत माणूस खाली पडतो. मूल लहान, त्याला हे सगळं लवकर होतं. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला असावा. आत असेल तर आधी बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा आणि मग मुलाला आत पाठवायचं. झरोका उघडा. मुलाने आतून कडी लावायची नाही. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं हाही त्यातलाच प्रकार.

औषधाची बाटली

रात्री अकरा वाजता मुलाला 102 ताप. आपण शेल्फवरची पॅरासिटामॉलची बाटली काढतो. मागच्या वेळी 10 मिली दिलं होतं हे आठवतं, तेवढंच देतो. इथेच गफलत होऊ शकते. हे औषध दोन ताकदींत मिळतं: एका बाटलीत 5 मिलीला 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुसरीत 5 मिलीला 250. बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी. डोस ठरतो तो वजनावर, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला 200 ते 300. पहिल्या बाटलीतून 10 मिली बरोबर बसतं. दुसरीतून 10 मिली दिलं तर थेट 500, म्हणजे दुप्पट. एकदा चुकलं तर बहुधा निभावतं, पण दोन-तीन दिवस तेच चालू राहिलं तर यकृतावर ताण येतो. शिवाय सर्दीच्या कित्येक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणजे नकळत दोनदा. मी आता नव्या बाटलीवर मार्करने लेकीचं वजन, तारीख आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिली लिहून ठेवते. स्वयंपाकघरातला चमचा नाही, बाटलीबरोबर येणारं खुणांचं टोपणच वापरायचं. दोन डोसांत निदान चार तास. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात जे घडलं ते अजून विसरायला नको. वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरलं जाणारं द्रावक सापडलं, त्याने मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. भेसळीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी साध्या सर्दीच्या खोकल्यावर या सिरपांचा फारसा उपयोगच होत नाही. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. बहुतेक रात्री एवढ्यावर निघतात.

आजीच्या बटव्यालाही थोडं चाळून घेऊ. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, हातावर टेकवून बघून मग छातीशी धरलेली, चांगली. हळद-दूध मुलाला आवडत असेल तर द्यावं. पण कापूर मुलांच्या हाती लागेल असा ठेवायचा नाही. थोडासाही गिळला तर झटके येऊ शकतात. आणि वाफारा देताना उकळत्या पाण्याचं पातेलं मुलापुढे ठेवायचं नाही. वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही; पातेलं उलटून मांड्या भाजलेली मुलं मात्र दवाखान्यात येतात.

खाण्याचं मी थोडक्यात उरकते, कारण तिथे आपल्या पूर्वजांनी आधीच चोख काम केलंय. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात. भोगीची ती भाजी बघा: वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, वाल, तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ताटातलं बहुतेक सगळं त्याच मोसमात, आसपासच्या शेतात पिकलेलं. संत्र्यापेक्षा पेरूत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं, तेव्हा महागाईची चिंता नको. केळं आणि दही यांनी सर्दी होते याला आधार नाही. फ्रिजमधून काढून लगेच नको, एवढंच. धाकट्या भावंडाचं बोरन्हाण असेल तर डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओताव्यात, पण नंतर जमिनीवरचं सगळं वेचून घ्यावं. बोराची बी रांगत्या मुलाच्या घशात अडकायला एक क्षण पुरतो. आणि तहान लागत नाही म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेली परत आली की मी ओरडत नाही, रात्री सूप वाढते.

शाळेत पाठवू की नको?

अंगात ताप नाही, औषध न देता चोवीस तास ताप आलेला नाही, खातंय-पितंय, नुसतं नाक गळतंय: पाठवा, रुमाल द्या, कोपरात खोकायला शिकवा. ताप आहे, उलट्या आहेत, किंवा मूल एका जागी मलूल पडून आहे: ठेवून घ्या. हे लिहायला सोपं आहे हे मला माहीत आहे. दोघं नोकरीला, घरी म्हातारं कुणी नाही, आणि बॉसला तिसऱ्यांदा 'मूल आजारी आहे' सांगायचं. त्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात 'शंभर टक्के हजेरी'चं बक्षीस. मला ते बक्षीस पटत नाही. तापात शाळेत आलेल्या मुलाचं कौतुक म्हणजे त्याच्याकडून ताप घेऊन गेलेल्या चौघांची चेष्टा. शाळांनी ते द्यायचं थांबवलं तर माझी काही हरकत नाही. आमच्या घरात एक आहे, तरीही.

फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. ती दरवर्षी घ्यावी लागते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी एक महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर विचारावंच.

आणि रात्र असो की रविवार, काही गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा त्यांच्या खालची कातडी आत ओढली जाणं. ओठ निळसर. एक वाक्य धड पुरं न होणं. आठ तास लघवी नाही. हाक मारूनही नीट जाग न येणं. ताप तीन दिवसांपलीकडे, किंवा उतरून पुन्हा जोरात चढलेला. धाकटं भावंड एक ते पाच वर्षांचं असेल तर ते झोपलेलं असताना त्याचा शर्ट वर करून पोटाची हालचाल मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. चाळीस किंवा त्याहून जास्त भरली तर निघायचं. कानटोपी शोधत बसू नका.